परगावी जेवावे कोठे?

आपल्या संघटनेच्या स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा लसीकरण, बालकांचा लठ्ठपणा किंवा प्रतिजैविकांचा अतिवापर यांपैकी एखादा विषय मी निवडीन अशीच त्यांची अपेक्षा असावी. या विषयांवर मी गेली पंचवीस वर्षे बोलत आलो आहे आणि आपण सर्वांनी ते सौजन्याने ऐकूनही घेतले आहे. यंदा मात्र थोड्या निराळ्या विषयाकडे वळण्याची परवानगी घेतो. सुट्टीत सहकुटुंब परगावी गेल्यावर जेवावे कोठे, हा तो विषय. वरवर तो हलका भासेल. परंतु त्यात आपल्या व्यवसायातील एक जुना गैरसमज आणि आपल्या सीमाभागाची एक हानी दडलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण डॉक्टर मंडळी प्रवासाला निघतो कशी, ते आठवून पाहावे. गाडीच्या मागच्या भागात चिवडा, चकली, लाडू, धपाटे यांचे डबे. पाण्याच्या बाटल्यांची चळत. आणि यजमानीणबाईंच्या पिशवीत गरम पाणी ओतले की तयार होणारा उपमा. मुक्कामी पोहोचल्यावर जेवण ठरलेलेच असते. ज्या हॉटेलात उतरलो तेथील बुफे. मग ते गाव म्हैसूर असो, जयपूर असो की सिंगापूर. ताटात पनीर, पिवळी डाळ, पुलाव आणि गुलाबजाम. अलीकडे आपल्यापैकी काही जण कॅरिबियन बेटांपर्यंत जाऊन आले. परतल्यावर छायाचित्रे दाखविताना त्यांपैकी एकाने अभिमानाने सांगितले, ‘‘दहाही दिवस आपलेच जेवण मिळाले, काहीही त्रास झाला नाही.’’ हजारो मैल जाऊन आपलेच जेवण जेवून येण्यात धन्यता मानावी, ही गोष्ट माझ्या मनाला लागली. कारण मीही एके काळी तोच होतो.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही चोर्ला घाटाने पणजीला गेलो होतो. मुलगी सहा वर्षांची होती. बाहेरचे खायचे नाही, हा उपदेश मी बाह्यरुग्ण विभागात रोज करीत असे. तो घरच्यांना लागू करणे भागच होते. एका वातानुकूलित हॉटेलात आम्ही दुपारी जेवलो. शुभ्र रुमाल, चकाकणारी भांडी, हातमोजे घातलेले वाढपी. मुलीने पुलाव खाल्ला आणि क्रीमचा केक दोनदा घेतला. चार तासांच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. रात्रभर मी तिला चमच्याचमच्याने जलसंजीवनी पाजत बसलो होतो. आमचे वाहनचालक, ज्यांना मुलगी मामा म्हणत असे, मंडईमागच्या एका खानावळीत माशाची आमटी आणि भात जेवून खुशाल होते. पहाटे त्यांना मी काहीसे चिडूनच विचारले, ‘‘मामा, तुम्हाला कसे काही झाले नाही?’’ ते म्हणाले, ‘‘साहेब, तिथं भात चुलीवरनं उतरला की धा मिनिटांत संपतोय बघा.’’

एम.डी.च्या अभ्यासात मी जे वाचले होते, ते त्या गृहस्थांनी एका वाक्यात सांगितले. जीवाणूंची वाढ साधारणतः ५ ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात झपाट्याने होते. शिजविलेले अन्न सामान्य तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बुफेच्या भांड्याखाली मिणमिणणारी ज्योत अन्नाला पुष्कळदा नेमके याच पट्ट्यात तासन्‌तास ठेवते. स्टॅफिलोकोकसचे विष एकदा तयार झाले की पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही, आणि शिजून निवलेल्या भातात बॅसिलस सेरियस कसा वाढतो, हे आपणांपैकी कोणालाही नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही ताटाशी बसल्यावर आपण हे ज्ञान बाजूला ठेवतो आणि रुमालाच्या शुभ्रतेवरून स्वच्छतेचा निर्णय करतो. माझा जो गैरसमज होता, तो जीवाणूशास्त्राचा नव्हताच. तो प्रतिष्ठेचा होता. महाग ते निर्धोक आणि स्वस्त ते घातक, असे मी समजून चाललो होतो.

याचा अर्थ कोणत्याही टपरीवर बिनदिक्कत खावे, असा कृपया काढू नये. निवड करावीच लागते. फक्त निवडीचे निकष बदलावे लागतात. गेल्या वीस वर्षांत मी जे निकष पाळत आलो, ते येथे नमूद करतो.

पहिला निकष वेळेचा. त्या गावची माणसे ज्या वेळी जेवतात, त्याच वेळी जेवावे. पणजीत माशाच्या थाळीची वेळ दुपारी साडेबारा ते दोन. तीन वाजता गेल्यास जे उरले ते मिळते.

दुसरा निकष पाटीचा. जेथे पाच-सहाच पदार्थ असतात, तेथे ते त्या दिवशीचे असण्याचा संभव अधिक. एकाच हॉटेलात पंजाबी, चिनी, मुघलाई आणि इटालियन असे दीडशे पदार्थ मिळू लागले की त्यामागे एक मोठे शीतकपाट आहे, हे ओळखावे.

तिसरा निकष बसलेल्या माणसांचा. कचेरीतील कारकून, कोर्टातील वकील, दुकानांतील नोकर आणि मुलाबाळांसह आलेली स्थानिक कुटुंबे जेथे दिसतात, तेथे निर्धास्त बसावे. रोजच्या गिऱ्हाइकाला आजारी पाडून कोणाचीही खानावळ चालत नाही. प्रवाशांवरच ज्याचे पोट आहे, त्याला मात्र तुम्ही पुन्हा येण्याची आशा नसते.

चौथा निकष, विचारावे कोणाला. हॉटेलच्या स्वागतकक्षात विचारू नये. मोबाइलवरील तारेही फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण ते पुष्कळदा आपल्यासारख्याच प्रवाशांनी दिलेले असतात. गावातील औषध दुकानदाराला विचारावे. त्याहून उत्तम म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. बारा गावचे पाणी प्यालेला आणि खिशातला भत्ता मोजून खाणारा तो तरुण प्रत्येक तालुक्यातील खात्रीची खानावळ जाणतो. आपण त्याला दाराबाहेर तासभर तिष्ठत ठेवतो. त्याच्याकडून एवढे ज्ञान घेण्यास हरकत नसावी.

पाचवा निकष आपल्याच व्यवसायाचा. हात धुण्याची जागा आणि साबण पाहावा. तव्यावरून, कढईतून किंवा पातेल्यातून थेट पानात येणारे खावे. कापून ठेवलेली फळे, बर्फ, कच्ची पातळ चटणी आणि क्रीम मुलांना देऊ नये. पिशवीत जलसंजीवनीची पाकिटे आणि झिंक असावे. १९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी पटकीच्या साथीत ज्या साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचविले, ते आज कोणत्याही औषध दुकानात नाममात्र किमतीला मिळते. ते जवळ असताना अनोळखी ताटाची इतकी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

सहावा निकष ऋतूचा, आणि तो किनाऱ्यावर फार महत्त्वाचा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते. त्या काळात पणजीत कोणी ‘ताजा सुरमई’ म्हणून आग्रह करू लागला, तर तो बर्फातला असण्याची शक्यता धरावी. गोव्याची माणसे त्या दिवसांत सुक्या बांगड्याकडे, सुक्या सुंगटांच्या किसमुरीकडे आणि शाकाहाराकडे वळतात, आपणही वळावे. सकाळी कॅफे टाटो किंवा कॅफे भोसले यांसारख्या जुन्या ठिकाणी पातळ भाजी आणि पाव खावा, दुपारी हुमण, भात आणि सोलकढी घ्यावी. फोंताइन्यच्या गल्ल्या त्यानंतर पाहाव्यात. भरल्या पोटी त्या अधिक सुंदर दिसतात, असा माझा अनुभव आहे.

वर उल्लेख केला त्या कॅरिबियन सहलीचीच दुसरी बाजू मला त्याच गटातील एका भगिनीने सांगितली. त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये, इतर मंडळी हॉटेलात न्याहारी करीत असता त्या टॅक्सीचालकाच्या सांगण्यावरून रस्त्यावरील एका गाडीपाशी गेल्या. तेथे कामावर निघालेल्या माणसांची रांग होती. गाडीवाल्याने कागदावर दोन मऊ तळलेल्या पुऱ्या ठेवून त्यांवर गरम छोले, चिंचेचा कोळ आणि मिरचीची चटणी घातली. या पदार्थाला तेथे ‘डबल्स’ म्हणतात. पुरीचे नाव विचारले, तर उत्तर आले ‘बारा’. छोल्यांना ‘चन्ना’. हा आपल्या वड्याचा आणि चण्याचाच गोतावळा! ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून मजूर घेऊन त्रिनिदादला पोहोचले. १९१७ पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक भारतीय माणसे करारावर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी तेथे नेली गेली. त्यांतील बहुसंख्य अवध आणि बिहारकडचे. भाषा दोन-तीन पिढ्यांत क्षीण झाली. परंतु बारा, चन्ना, आलू, दालपुरी हे शब्द जिभेवर राहिले. तव्यावर फोडून चुरगाळलेल्या एका पोळीला तेथे ‘बस-अप-शट’ म्हणतात, म्हणजे फाटका सदरा. त्या भगिनी म्हणाल्या, ‘‘दहा दिवसांत मला भारत भेटला तो त्या गाडीवर. हॉटेलातल्या पनीरमध्ये नाही.’’

येथे एक गमतीची, परंतु विचार करायला लावणारी गोष्ट नोंदवावीशी वाटते. ‘आपले’ जेवण आणि ‘परके’ जेवण असा भेद आपण करतो, तो कितपत टिकतो? निपाणीची ओळख तंबाखूची. कोलंबसाच्या माणसांनी १४९२ साली तंबाखूची पाने पाहिली ती कॅरिबियन बेटांवरच. आपल्या संकेश्वरी मिरचीची पूर्वजही त्याच सफरींनी युरोपात पोहोचली आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्याला लागली. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. काजू ब्राझीलचा. पेरूही तिकडचाच. ज्या ज्वारीच्या भाकरीला आपण मातीशी इमान राखणारी म्हणतो, ती ज्वारीही काही सहस्रकांपूर्वी आफ्रिकेतून आली. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि खर्डा हे आपले अस्सल ताट तीन खंडांनी मिळून वाढलेले आहे. आपल्या पूर्वजांनी अनोळखी पदार्थ चाखून पाहण्याचे धैर्य दाखविले नसते, तर आज आपल्याला अभिमान बाळगण्यासारखे फारसे काही उरले नसते.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक चिंता वाटते ती मुलांची. नव्या चवीला मूल प्रथम तोंड वाकडे करते, हा त्याचा दोष नसून स्वभाव आहे. आठ-दहा वेळा, न दटावता, पुन्हापुन्हा समोर आलेली चव ते बहुधा स्वीकारते. फिलाडेल्फियातील ज्युली मेनेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली दाखवून दिले, की गरोदरपणात किंवा स्तनपानाच्या काळात ज्या मातांनी गाजराचा रस घेतला, त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची खीर कमी कुरकुर करीत खाल्ली. चवीचे शिक्षण इतक्या लवकर सुरू होते. मग आपली दहा वर्षांची मुले महामार्गावरील फूड मॉलमध्ये शिरल्याबरोबर नूडल्स आणि गोबी मंच्युरियन यांपलीकडे काहीच का मागत नाहीत? कारण आपण त्यांना दुसरे काही दाखविलेच नाही. आपल्या धास्तीने त्यांची जीभ अरुंद केली. माझ्या मुलीच्या बाबतीत मी ती चूक काही वर्षे केली, हे मान्य करतो.

आता आपल्या घरच्या प्रश्नाकडे येतो, कारण लेखाचा खरा हेतू तोच आहे. चार वर्षांपूर्वी मुंबईचे एक ज्येष्ठ स्नेही व्याख्यानासाठी बेळगावला आले होते. आम्ही त्यांना शहरातील चांगल्या हॉटेलात नेले. पनीर बटर मसाला आला, तंदुरी रोटी आली. ते हसून म्हणाले, ‘‘हे मी काल दादरला खाल्ले. तुमच्याकडचे काय?’’ आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. निघताना त्यांच्या हाती कुंद्याचा डबा ठेवून आम्ही वेळ मारून नेली. दूध तासन्‌तास आटवून, परतून केलेला तो कुंदा उत्तम होता यात शंका नाही. परंतु एका डब्याने यजमानपण पुरे होत नाही.

वास्तविक आपल्याकडे काय नाही? उपड्या कढईवर भाजलेले, कागदासारखे पातळ मांडे आहेत. गोकाकचा करदंट आहे. निपाणीपासून चाळीस किलोमीटरवर कोल्हापूरचा तांबडा-पांढरा रस्सा, तर दक्षिणेला हुबळी-धारवाडकडची सावजी खानावळ; या दोहोंच्या मध्ये आपण बसलो आहोत. कन्नड घरात जोळद रोट्टी आणि एण्णेगाई, मराठी घरात ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी. होळिगे म्हणा की पुरणपोळी म्हणा, कटाची आमटी दोन्हीकडे होते. ‘खानावळ’ हा शब्दही कन्नडमध्ये ‘खानावळी’ होऊन सुखाने नांदतो आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागाच्या मनात एक सल आहे, त्याविषयी माझी मते माझ्यापाशी आहेत आणि ती मी लपवीत नाही. परंतु पाटीवरील अक्षरे कोणत्या लिपीतील आहेत हे पाहून जेवणावर फुली मारणारे लोक दोन्ही बाजूंना मला भेटतात, तेव्हा वाईट वाटते. माझ्या दवाखान्यात दोन्ही भाषांतील माता येतात. बाळाला सहाव्या महिन्यानंतर काय भरवता असे विचारले, तर उत्तरांत भाषेचा फरक असतो, पातेल्यातला फारसा नसतो.

आज या खानावळी एकेक करून मिटत आहेत. भाकरी थापणाऱ्या बाईंच्या मुलाला तो व्यवसाय नको आहे, जागेचे भाडे वाढले आहे, आणि ज्यांच्यापाशी दोन पैसे आहेत अशी आपल्यासारखी माणसे तेथे पाऊल ठेवीत नाहीत. म्हणून माझी सूचना अशी. आपल्या पुढील वार्षिक परिषदेत दुपारचे भोजन या भागातील एखाद्या खानावळीकडे किंवा भाकरी-चटण्या करणाऱ्या महिलांकडे सोपवावे. यावर आक्षेप येतील, त्यांची मला कल्पना आहे.

तीनशे माणसांच्या स्वच्छतेची हमी काय, असे विचारले जाईल. उत्तर आपल्याच ताटात आहे. कडक भाकरी आणि कोरडी चटणी यांत पाण्याचा अंश इतका कमी असतो, की जीवाणूंना वाढण्यास वावच राहत नाही. म्हणूनच ती दिवसचे दिवस टिकते आणि पूर्वी प्रवासात शिदोरी म्हणून नेली जाई. भाजी व आमटी लहान पातेल्यांत, थोड्या थोड्या अंतराने, उकळती आणवावी. पाण्याची व हात धुण्याची व्यवस्था आपण करावी. आपण वैद्यकीय व्यावसायिक आहोत, एवढे आपल्याला जमले पाहिजे. तिखट सोसत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी दही आणि ताक आहे. मधुमेही सभासदांना पुलाव-गुलाबजामपेक्षा ज्वारीची भाकरी निश्चितच अधिक मानवेल. राहता राहिला प्रतिष्ठेचा आक्षेप. त्याचे उत्तर मला पणजीत एका रात्री मिळाले होते, ते वर सांगितले आहे.

दुसरी सूचना अगदी लहान आहे. आपल्या प्रत्येक सभासदाने स्वतः जेवून पाहिलेल्या एका खानावळीचे नाव, गाव, तेथील खास पदार्थ आणि जेवणाची वेळ संघटनेच्या कार्यालयात कळवावी. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी अशी तालुकावार यादी करून ती पुढील वर्षीच्या स्मरणिकेत छापावी. जाहिरातींना आपण एवढी पाने देतो. त्यांतील एक या यादीला मिळावे. बाहेरगावचा पाहुणा ‘तुमच्याकडचे काय?’ असे विचारील, तेव्हा निदान ते पान आपल्याला उघडता येईल. यादीतील पहिले नाव मी या लेखाबरोबरच कार्यालयात देत आहे. खानावळ निपाणीच्या बाजारात आहे, जेवण दुपारी दोनपर्यंतच मिळते, आणि भाकरी तव्यावरून थेट पानात पडते.